पाच स्वरांच्या तुकड्यापासून बंदिशीपर्यंत : भूपातील रचनेच्या प्रकल्प नोंदी

३ जून : बीज

हाती असलेला तुकडा एवढाच : प ग रे ध़ सा. अक्षराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचे सप्तक), डोक्यावर अनुस्वार म्हणजे तार (वरचे सप्तक), ऽ म्हणजे स्वर लांबवला. पुढे सगळीकडे हीच खूण.

भूप रागाचे पाचही स्वर यात एकेकदाच येतात. पण या तुकड्याची ओळख त्या हिशेबात नाही, ती रे वरून थेट मंद्र ध वर घेतलेल्या उडीत आहे. मधला सा ओलांडून खाली जायचे आणि मग सा वर परत यायचे. ही उडी काढून ‘प ग रे सा ध़’ असे सरळ उतरले की भूप शिल्लक राहतो, तुकडा मात्र हरवतो. म्हणून पहिला नियम ठरला : लय, ताल, शब्द, सप्तक काहीही बदलले तरी ‘रे ध़ सा’ हा शेपटीचा भाग ऐकू येत राहिला पाहिजे. बाकी सगळे लवचिक.

उद्दिष्ट : याच बीजातून मध्यलय त्रितालातली (१६ मात्रा) बंदीश आणि विलंबित एकतालातला (१२ मात्रा) ख्याल. जमल्यास तराणा (अर्थहीन बोलांची रचना). गळा काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा), तानपुरा पंचमात.

५ जून : सम

पहिला प्रयत्न सरळसोट होता. पाच स्वर, पाच मात्रा, १३व्या मात्रेपासून उठाण, म्हणजे सा बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर :

१३ प, १४ ग, १५ रे, १६ ध़ | १ सा

आठ वेळा सलग गाऊन पाहिले. तिसऱ्या वेळेपासूनच दोष कळतो. समेवर सा आला की वाक्य संपते. मुखडा (समेकडे नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा भाग) पुन्हा घ्यावा असे वाटत नाही, प्रत्येक वेळी गाणे नव्याने सुरू केल्यासारखे होते. शिवाय भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग आहे, आणि तो १४व्या मात्रेवर घाईत निघून जातो.

दोन वाटा होत्या. एक, तुकड्याच्या शेवटी ग यावा म्हणून तुकडाच बदलायचा. त्यात उडी बोथट होते. दुसरी, तुकडा जसाच्या तसा चार मात्रा अलीकडे सरकवायचा, सा १३व्या मात्रेवर टाळीला आणायचा आणि उरलेल्या तीन मात्रांत समेपर्यंत पूल बांधायचा. दुसरी घेतली :

९ प, १० ग, ११ रे, १२ ध़ | १३ सा, १४ ऽ, १५ सा, १६ रे | १ ग

आता उठाण कालापासून (टाळी नसलेल्या मोकळ्या मात्रेपासून), म्हणजे ९व्या मात्रेपासून आहे. सा वर क्षणभर टेकायला जागा मिळते (१४वी मात्रा), आणि ‘सा रे ग’ समेकडे चढत जातो. उतरून मग चढायचे, असा मुखड्याचा आकार झाला. १४व्या मात्रेवरचा अवकाश भरायचा मोह होतो, तिथे एखादा कण (निसटता स्पर्शस्वर) घालावासा वाटतो. घालू नये. तो थांबा आहे म्हणूनच ‘सा रे ग’ला उचल मिळते.

९ जून : शब्द

भाषा मराठी ठेवायची हे आधीच ठरले होते. ब्रजमध्ये मोकळे स्वरान्त शब्द मुबलक, त्यामुळे बंदिशीला ती सोयीची. मराठीत जोडाक्षरे आणि ळ-ण यांच्याकडे बघून पाऊल टाकावे लागते.

पहिला मुखडा होता ‘सांज ढळली दीप लावू’. अक्षरे मात्रांवर नीट बसली : सां ज ढ ळ | ली ऽ दी प | ला. पण ‘ळ’ नेमका १२व्या मात्रेवर, मंद्र ध वर पडला. ळ उच्चारताना जीभ मागे वळते आणि खालच्या सप्तकात आवाज आधीच हलका असतो. परिणामी उडी ऐकूच येत नाही, ध़ च्या जागी नुसता घोगरा ठोका येतो. त्यात ‘ढळली’ बोलताना आपण ‘ढळ्ली’ म्हणतो, तो ळ सुटा गायला की शब्द परका वाटतो.

बदल : ‘सांज आली’. उडी आता एकाच ‘आ’वर होते :

९ सां, १० ज, ११ आ, १२ ऽ | १३ ली, १४ ऽ, १५ दी, १६ प | १ ला

समेवर ‘ला’ आहे हेही मुद्दाम. समेचे अक्षर आकारान्त असले तर तिथून आलाप उघडता येतो. ‘दी’ समेवर आणून पाहिला होता. ईकारावर लांब ग धरला की तोंड मिटल्यासारखे होते.

स्थायीची, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागाची, पहिली ओळ पुरी :

स्वर : प ग रे ध़ | सा ऽ सा रे | ग ऽ रे ऽ | ग रे सा ऽ
शब्द : सां ज आ ऽ | ली ऽ दी प | ला ऽ वू ऽ | दा ऽ री ऽ

१४ जून : दुसरी ओळ

स्वर : सा रे ग ऽ | प ग ध प | ग ऽ रे ग | रे ध़ सा ऽ
शब्द : वा ट पा ऽ | हे ऽ गं ध | अं ऽ ग णी | ऽ ऽ ऽ ऽ

हीसुद्धा ९व्या मात्रेपासून. मधल्या ‘ध प ग’मध्ये ग पुन्हा समेवर येतो, आणि शेवटी बीजाची शेपटी ‘रे ध़ सा’. ती इथे ५, ६, ७ या मात्रांवर आहे. मुखड्यात ११, १२, १३ वर होती. तालातली जागा बदलल्यामुळे पुनरुक्ती वाटत नाही, पण कान ओळखतो. शेवटच्या मात्रेवर श्वास, आणि लगेच प वरून मुखडा.

दोन्ही ओळी मिळून ३२ मात्रा. त्यांत ग १० मात्रा, मध्य ध फक्त १, मंद्र ध २. वादीचे वजन कागदावर मोजून पाहायची ही सवय पुढे अंतऱ्यात उपयोगी पडली.

१८ जून : अंतरा, आणि देशकार

अंतरा म्हणजे बंदिशीचा दुसरा, वर चढणारा भाग. त्यासाठी बीज वर उचलायचे तर कसे? आधी सरळ पंचमावर नेले. सा च्या जागी प धरला तर रे चा ध होतो, प चा रें होतो, पण ग च्या जागी नी येतो. भूपात नी नाही. म्हणजे अंतर जसेच्या तसे ठेवून स्वरसमूह हलवणे इथे बाद.

मग भूपाच्याच पायऱ्यांनी तीन पायऱ्या वर : रें सां ध ग प. स्वर सगळे रागातले, पण ‘ध ग प’ हे भूपाचे बोलणे नाही. आणि खालून येऊन प वर टेकल्याने ओळीचा तोल उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात जातो.

तिसरा खर्डा कागदावर बरा दिसला :

प ध सां ध | ध ऽ प ऽ | …

गायल्यावर दोन आवर्तनांत (तालाच्या दोन फेऱ्यांत) देशकार हा दुसराच राग उभा राहिला. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. फरक वजनाचा आहे : भूप पूर्वांगात (खालच्या अर्ध्यात) राहतो, वादी ग, देशकार उत्तरांगात, वादी ध. वरच्या आठ मात्रांत ध ने चार घेतल्या होत्या आणि ग एकही नव्हता. स्वर बरोबर असूनही राग बदलतो तो असा. रचना करताना होणाऱ्या चुकांत ही सर्वांत फसवी, कारण लिपी तपासून ती सापडत नाही. प्रत्येक स्वरावर किती वेळ थांबलो ते मोजावे लागते.

२२ जून : अंतरा पक्का

पूर्ण बीज तार सप्तकात नेले तर पं पर्यंत जावे लागते, ते नको. म्हणून डोके कापले, शेपटी ठेवली : गं रें ध सां. खालचे ‘ग रे ध़ सा’ एक सप्तक वर.

स्वर : प ग प ध | सां ऽ सां सां | सां रें गं रें | ध सां ऽ ऽ
शब्द : चां द आ ऽ | ला ऽ उं च | व र ती ऽ | ऽ ऽ ऽ ऽ

स्वर : सां ध प ऽ | ग ऽ ध प | ग ऽ रे ऽ | ग रे सा ऽ
शब्द : मं द वा ऽ | रा ऽ सू र | गा ऽ ई ऽ | ऽ ऽ ऽ ऽ

पहिल्या ओळीची सुरुवात ‘प ध सां’ऐवजी ‘प ग प ध सां’ केली. त्या एका ग मुळे पाय पूर्वांगात राहतो. मोजणी : अंतऱ्याच्या ३२ मात्रांत ध ४, आणि कुठेही एका मात्रेपेक्षा लांब नाही. मध्य ग ६, तार ग १. दुसऱ्या ओळीचा शेवट मुद्दाम स्थायीच्या ‘ग ऽ रे ऽ ग रे सा’सारखाच, म्हणजे मुखड्यावर परतताना वाट ओळखीची.

‘रात्रीच्या’ हा शब्द पहिल्या खर्ड्यात होता. तार सा वर ‘त्री’ आणि लगेच ‘च्या’ नीट गाता येत नाही. काढला.

२७ जून : चार आवर्तने म्हणजे किती

लय मिनिटाला १६० मात्रा. एक आवर्तन ६ सेकंदांचे. संपूर्ण बंदीश, स्थायी आणि अंतरा मिळून, २४ सेकंद. सहा मिनिटे गायची तर ६० आवर्तने लागतात, म्हणजे ५६ आवर्तने रचनेबाहेरून आणायची. ती बीजातूनच यावीत.

पाच स्वरांचे १२० क्रम होतात. १३व्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेवाने खंडमेरूची (स्वरांचे क्रम मांडण्याच्या तक्त्याची) रीत मांडून ठेवली आहे, तिने सगळे क्रम लिहिता येतात. पण सगळे वापरता येत नाहीत. नमुन्यादाखल ग, प, ध एवढे तीनच घेतले. सहा क्रम :

ध प ग : उत्तम, न्यास (विसावा) ग वर.
ग प ध : चालतो, पण ध वर थांबायचे नाही, पुढे सां किंवा प हवा.
प ग ध आणि ग ध प : चालतात, मागून ‘प ग’ आला तर.
प ध ग आणि ध ग प : सोडले.

गणिताने यादी मिळते, निवड रागच करतो. पुढच्या दहा दिवसांच्या रियाजासाठी तीन आणि चार स्वरांचे निवडलेले समूह वहीत उतरवले. प्रत्येक समूहाच्या शेवटी ‘रे ध़ सा’ जोडून पाहायचा; जोडता आला नाही तर तो या बंदिशीत नको.

२ जुलै : तिहाया

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणे. मुखडा समेच्या अक्षरासह ९ मात्रांचा आहे : सां ज आ ऽ ली ऽ दी प ला. तीनदा घेतला तर २७.

अवकाश न ठेवता घ्यायचा तर ७व्या मात्रेपासून सुरू करायचा. पहिला ७ ते १५, दुसरा १६ ते पुढच्या आवर्तनाची ८वी, तिसरा ९ ते सम. तिसरा मुखडा आपोआप त्याच्या मूळ जागी येतो. म्हणून मध्ये कुठे हिशेब चुकला असे वाटले, तरी कालाची मात्रा ऐकून तिसरा पकडता येतो.

समेवरूनच सुरुवात हवी असेल तर दोन मुखड्यांमध्ये तीन-तीन मात्रा रिकाम्या : २७ + ६ = ३३, म्हणजे दोन आवर्तने आणि वरची सम. इथेही तिसरा ९ वर पडतो.

बीजाचीच तिहाई : पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एक-एक मात्रा; १५ + २ = १७, सम ते सम. ‘प ग रे ध़ सा’ घेतला तर शेवट सा वर होतो आणि ५ जूनचाच दोष परत येतो. म्हणून ‘रे ध़ सा रे ग’ : शेपटी आणि पूल एकत्र, शेवट ग वर. ती संपली की मुखडा नाही, थेट ‘लावू दारी’ घ्यायचे, कारण आपण समेवर आलेलो असतो.

होणारी चूक : बिनअवकाशाच्या तिहाईत पहिला ‘ला’ १५व्या मात्रेवर येतो. त्यावर जोर दिला तर साथीदाराला आणि श्रोत्यालाही सम वाटते, आणि मग तबल्याचा ठेका डगमगतो. पहिले दोन ‘ला’ हलके, तिसरा भरून.

मुखड्याच्या पटी : दुगुणीत (दुप्पट वेगात) १३व्या मात्रेपासून, चौगुणीत (चौपट) १५व्या मात्रेपासून. तिगुणीत आठ अक्षरांना पावणेतीनपेक्षा किंचित कमी मात्रा लागतात, म्हणून १४व्या मात्रेचा पहिला तिसरा हिस्सा सोडून उठायचे. हे हाताने टाळी देत, न गाता, नुसते बोलून आधी पक्के करावे.

६ जुलै : ताना

समेपासून आठव्या मात्रेपर्यंत दुगुणीत १६ जागा :

सारे गप धसां रेंसां | धप गरे साध़ साऽ

पंधरा स्वर आणि एक श्वास. १६० च्या लयीत हे सेकंदाला सव्वापाचपेक्षा थोडे जास्त स्वर होतात, दाणा स्वच्छ राहतो. चौगुणीत ते दहाच्या वर जातात आणि ‘धसां रेंसां’ एकमेकांत मिसळतात. चौगुण वगळली.

१२ जुलै : विलंबित

एकताल, मिनिटाला १५ मात्रा. मात्रा ४ सेकंद, आवर्तन ४८ सेकंद. ठेक्यात १०व्या मात्रेवर ‘तिरकिट’ येतो. तो ऐकून ११ वरून मुखडा उचलायचा. बीज दोन मात्रांत बसवायचे आहे, मात्रेचे चार भाग धरून आठ भाग.

मध्यलयीतला मुखडा जसाच्या तसा आठ भागांत टाकला. बसतो अगदी बरोबर, आणि ऐकायला कवायतीसारखा लागतो. समान अंतराने टाकलेली पावले १६० ला डौलदार वाटतात, १५ ला ती मोजलेली वाटतात. नवी वाटणी :

११वी मात्रा : प ऽ ग रे
१२वी मात्रा : ध़ सा ऽ रे
सम : ग

शब्दही बदलले : ‘आली गे सांज, दारी दीप लावू’. ‘आ’ चारही स्वर आणि उडी वाहून नेतो, ‘ली’ सा वर, ‘गे’ रे वर, समेवर ‘सां’. तो अनुस्वार उशिरा उमटवायचा. आधी मोकळा आ, मग नाकात.

१७ जुलै : मींड

प वरून ग वर येताना विलंबितात मींड (न तुटता स्वरावरून स्वरावर घसरणे) येतेच, यायलाच हवी. पण ती सावकाश, एकसारख्या वेगाने घेतली तर वाटेत तीव्र म ऐकू येतो. तसेच सां वरून ध वर येताना नी. आणि मींडेतून असे तीव्र म व नी लागणे ही शुद्ध कल्याण या रागाची खूण. आपल्या बीजाची पहिलीच चाल ‘प ग’ असल्याने हा धोका प्रत्येक मुखड्याला आहे.

उपाय सापडला तो असा : प वर मिळालेल्या वेळेचा बहुतेक भाग स्थिर राहायचे, शेवटच्या थोड्या भागात पटकन पण न तुटता ग वर यायचे, आणि ग वर पोचल्याची खात्री आवाजाच्या वजनाने द्यायची. ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने ऐकून तपासले. वीस मुखड्यांपैकी जे खटकले त्यांत दोष एकच : उतरताना वाटेत रेंगाळणे. पेटीवर मींड निघत नाही, म्हणून पेटीची साथ घेताना ‘प ग’ सुटेच वाजवायचे. मधली पट्टी चुकूनही लागता कामा नये.

२१ जुलै : बढत

बढत म्हणजे एकेक स्वर घेत रागाचा विस्तार. चौदा आवर्तने. सा आणि मंद्र ध भोवती २, ग वर ३, प वर २, ध-सां मिळून २, अंतरा २. ही अकरा ४८ सेकंदांची. शेवटची तीन बोलतान आणि तानांची, लय २० वर नेऊन, प्रत्येकी ३६ सेकंद. एकूण १० मिनिटे ३६ सेकंद.

ध ला स्वतंत्र आवर्तन दिलेले नाही, हे १८ जूनच्या नोंदीमुळे. ध कडे जायचे ते सां च्या वाटेवर.

पहिल्या दोन आवर्तनांत ग नुसता समेवर दिसतो, आलापात नाही. तिसऱ्या आवर्तनात ‘सा रे ग’ म्हणून तो उघडला की मोठी खिडकी उघडल्यासारखे वाटते. आधी खर्च केला तर ते होत नाही.

लय २० झाल्यावर मात्रेला १६ स्वर म्हणजे मिनिटाला ३२०. मध्यलयीची दुगुण तेवढीच. त्यामुळे ६ जुलैच्या ताना इथे त्याच वेगाने येतात. ७व्या ते १०व्या मात्रेपर्यंत ६४ स्वर, १२ सेकंद, एक श्वास.

२५ जुलै : तराणा

द्रुत त्रितालात, ‘तदानी देरेना’ घेऊन पाहिले. लय ३०० च्या आसपास गेली की ‘रे ध़’ ही उडी नीट पडत नाही. ध़ कच्चा लागतो किंवा सा चिकटतो. उडी काढली तर ते आपले बीज नाही. तराणा सोडला.

२९ जुलै : सलग

विलंबित आणि मध्यलय पाठोपाठ गायले, साडेसोळा मिनिटे. अडचण जोडावर आली. विलंबित संपल्यावर मध्यलयीचा पहिला मुखडा ठेक्याविना घ्यायचा, तबला समेवर मिळतो. या आठ मात्रांना तीनच सेकंद आहेत, आणि गळा अजून विलंबिताच्या वजनात असल्याने लय १४० च्या आसपास पडली. तबला त्याच लयीत मिळाला आणि मग ताना जड झाल्या. उपाय : विलंबिताच्या शेवटच्या समेनंतर ठेका थांबला की मांडीवर बोटाने आठ मात्रा १६० च्या लयीत मोजायच्या, नवव्या ठोक्यावर ‘सांज’. चार वेळा करून पाहिले, चारही वेळा लय जागेवर.

दुसरी दुरुस्ती लिपीच्या प्रतीत : श्वासाच्या जागा खुणेने दाखवल्या. स्थायीच्या दोन्ही ओळींत ८वी मात्रा, अंतऱ्यात पहिल्या ओळीची ७-८ आणि दुसरीची ८. मुखड्यातल्या १४व्या मात्रेवर श्वास नाही, तिथे सा धरून ठेवायचा.